बेटाकडून घराकडे

न्यूयॉर्क शहरालगत वाहणाऱ्या ईस्ट रिव्हरच्या पात्रात नॉर्थ ब्रदर नावाचे एक लहानसे बेट आहे. आज तेथे मनुष्यवस्ती नाही. पडक्या इमारतींवर वेली चढल्या आहेत आणि शहराने ते बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले आहे. परंतु १८८५ पासून कित्येक वर्षे या बेटावर रिव्हरसाइड नावाचे रुग्णालय होते. देवी, क्षय, विषमज्वर अशा सांसर्गिक रोगांची माणसे शहरापासून दूर ठेवावीत, एवढ्यासाठीच ते उभारलेले. 'टायफॉइड मेरी' म्हणून जिचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले, ती मेरी मॅलन ही स्वयंपाकीण १९३८ साली मरेपर्यंत येथेच अडकून पडली होती. पुढे १९५२ साली याच बेटावर न्यूयॉर्कने निराळे रोगी आणून ठेवले. ते होते वयाची एकवीस वर्षे पुरी न झालेले, हेरॉइनच्या आहारी गेलेले मुलगे आणि मुली.

स्वतःच्या मुलांसाठी त्या शहराला बेट निवडावेसे वाटले, यातच त्या काळचा विचार उघड होतो. व्यसन हा साथीचा रोग, आणि साथीच्या रोग्याला पाण्यापलीकडे नेऊन ठेवावे. हा विचार सर्वस्वी वेडेपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पहिली सुई, पहिली चिलीम मुलाच्या हाती बहुधा मित्रच ठेवतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला' हे आपल्या शेतकऱ्याला कोणा डॉक्टराने शिकवावे लागले नाही. तेव्हा पवळ्याला ढवळ्यापासून सोडवून दुसऱ्या दावणीला बांधावे, हे कोणालाही सुचेल. पुढे काय, हाच खरा प्रश्न आहे. आणि गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास हा त्याच प्रश्नाशी घातलेल्या झोंबीचा इतिहास आहे.

हा विषय व्याख्यानासाठी निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. घरातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा नशा करू लागला, तर आईबाप ही गोष्ट शेजाऱ्याला कळू देत नाहीत, सभेत विचारीत नाहीत. रात्री दिवा मालवल्यावर मात्र दोघे एकमेकांना विचारतात, "त्याला कुठेतरी ठेवावे का?" या 'कुठेतरी'चा इतिहास ठाऊक असणे हे आज शहरातील कुटुंबाच्या हिताचे आहे, अशी आमची समजूत आहे.

रिव्हरसाइडच्या आधी अमेरिकेत या कामाचे मोठे ठाणे केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे होते. केंद्र सरकारने १९३५ साली सुमारे एक हजार एकर जमिनीवर उघडलेले हे स्थळ अर्धे रुग्णालय आणि अर्धा तुरुंग होते. शिक्षा झालेले कैदी आणि आपण होऊन आलेले रोगी तेथे एकत्र राहत, शेती करीत, गाई दोहीत. शुद्ध हवा, कष्ट आणि नियमित दिनचर्या यांनी माणूस बरा होईल, अशी त्यामागची श्रद्धा होती. शरीर खरोखरच बरे होई. परंतु तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या १,९१२ रोग्यांचा मागोवा घेणारा जो अहवाल १९६२ साली प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा नव्वदांहून अधिक माणसे पुन्हा व्यसनात पडल्याचे आढळले. आणि त्यांतील बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच पडली होती.

बेटावरची गोष्ट याहून वेगळी झाली नाही. रिव्हरसाइडमध्ये डॉक्टर होते, मानसोपचार होता, मुलांसाठी शाळाही होती. हेतूत खोट नव्हती. कोलंबिया विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे डॉ. रे ट्रसेल यांनी १९५५ साली दाखल झालेल्या २४७ मुलांची पुढे चौकशी केली, तेव्हा जवळजवळ सर्व मुले पुन्हा त्याच वाटेला लागलेली आढळली. व्यसनापासून दूर राहिलेली केवळ आठ निघाली. आणि त्या आठांचे म्हणणे असे की, आम्हाला मुळात व्यसन जडलेच नव्हते! १९६३ साली रुग्णालय बंद झाले. मुलगा बोटीने बेटावर जाई, बरा होई, बोटीनेच परत येई. आणि काठावर उतरला की तीच गल्ली, तेच सवंगडी, तोच विक्रेता. मधल्या महिन्यांत बदलले होते ते फक्त त्याचे रक्त.

याच सुमारास औषधाच्या बाटलीबाहेरचा एक निराळा विचार तीन ठिकाणी आकार घेत होता. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन हा शेअरबाजाराचे काम करणारा गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यवैद्य, दोघेही पक्के मद्यपी, एकमेकांना सावरू लागले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही चळवळ निघाली. जो स्वतः त्या खड्ड्यात पडला होता त्याचाच हात दुसऱ्याला वर काढू शकतो, ही तिची मूळ कल्पना. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्थफील्डच्या लष्करी रुग्णालयातील डॉक्टरांना आढळून आले की, खचलेल्या सैनिकांना वॉर्डाचा कारभार चालवू दिला की ते लवकर सुधारतात. त्यांच्यातील टॉम मेन यांनी १९४६ साली या पद्धतीला 'थेरप्युटिक कम्युनिटी' असे नाव दिले. बेलमाँट येथे डॉ. मॅक्सवेल जोन्स यांनी ती पुढे नेली. या नावाला आपण 'उपचारी कुटुंब' म्हणू. येथे औषध म्हणजे सहवास. स्वयंपाक, झाडलोट, भांडण, समेट, चूक आणि तिचा जाब, हे सारे मिळून उपचार.

तिसरे ठिकाण कॅलिफोर्नियातील समुद्रकाठचे. चार्ल्स डेडरिच या पूर्वी मद्यपी असलेल्या माणसाने १९५८ साली 'सिनॅनॉन' नावाची संस्था काढली. हेरॉइनच्या व्यसनी माणसांनी एकाच घरात राहावे, काम करावे, आणि नियम दोनच पाळावेत: नशा नाही, मारामारी नाही. संध्याकाळी सर्वांनी रिंगण करून बसावे आणि एकमेकांचे खोटेपण शब्दांनी उघडे पाडावे. याला ते 'गेम', म्हणजे खेळ म्हणत. ज्यांना डॉक्टरांनी आणि तुरुंगांनी टाकून दिले होते अशी माणसे येथे नशेशिवाय राहू लागली. वर्तमानपत्रे धावली, सिनेमा निघाला. याच नमुन्यावर न्यूयॉर्कात १९६३ साली 'डेटॉप' आणि १९६७ साली 'फीनिक्स हाउस' या संस्था उभ्या राहिल्या. फीनिक्सचा आरंभ तर सहाच माणसांनी केला: रुग्णालयातून सुटल्यावर नशेशिवाय राहायचे म्हणून त्यांनी एकत्र बिऱ्हाड केले. डॉ. मिचेल रोझेन्थल यांनी त्या बिऱ्हाडाची पुढे मोठी संस्था केली.

येथपर्यंतची कथा ऐकून मन सुखावते. बेटाने जे साधले नाही ते घराने साधले, कारण बेटावर मूल रोगी होते आणि घरात ते घटक झाले. परंतु सहवासाची शक्ती ही विस्तवासारखी आहे. तिच्यावर भाकरी भाजता येते आणि घरही जाळता येते.

सिनॅनॉनचेच पाहा. साठीच्या अखेरीस डेडरिच यांनी ठरविले की, येथून कोणी बरा होऊन बाहेर जावयाचा नाही, येथेच राहावयाचे. दार बंद झाले आणि घराचा मठ झाला, मठाचा पंथ झाला. सत्तरीच्या दशकात डोकी भादरण्याचे, पुरुषांना नसबंदी करवून घेण्याचे आणि जोडपी मोडण्याचे हुकूम सुटले. मारामारी न करण्याचा मूळ नियमही उरला नाही; न्यायालयांनी सोपविलेल्या उनाड मुलांना तेथे मार बसू लागला. ऑक्टोबर १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध लढणाऱ्या पॉल मोरँट्झ या वकिलाच्या टपालपेटीत खुळखुळ्या साप सोडण्यात आला. त्याला तो डसला, वकील वाचला. १९९१ साली संस्था विसर्जित झाली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून गंभीर प्रकार फ्लोरिडात घडला, कारण तेथे आरंभापासून मुलेच होती. १९७० साली फोर्ट लॉडरडेल येथे 'द सीड', म्हणजे 'बीज', नावाची संस्था निघाली. मुलांनी दिवसभर खुर्च्यांवर बसून आपल्या पापांची कबुली द्यावी आणि रात्री जुन्या मुलांच्या घरी मुक्काम करावा, अशी तिची रीत होती. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने १९७४ च्या अहवालात या पद्धतीची तुलना उत्तर कोरियाने युद्धकैद्यांची मने फिरविण्यासाठी वापरलेल्या तंत्राशी केली. तरीही १९७६ साली याच बीजापासून 'स्ट्रेट' ही संस्था उगवली आणि अनेक राज्यांत पसरली. तेथे नव्या मुलाच्या कमरेचा पट्टा किंवा पँटची वादी मागून धरून जुना मुलगा त्याला चालवी; शौचालासुद्धा एकटे सोडीत नसत. १९८५ साली अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन इंग्लंडच्या युवराज्ञी डायना यांना घेऊन ही संस्था पाहावयास गेल्या. आणि त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८३ साली, एका महाविद्यालयीन तरुणाला बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल ज्यूरीने या संस्थेकडून २,२०,००० डॉलर भरपाई देवविली होती! असे खटले आणि चौकशा मागे लागल्यावर १९९३ साली 'स्ट्रेट' बंद झाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. या संस्थांत आईबापांनीच मुलांना आणून सोडले होते, आणि त्यांपैकी बहुतेकांनी ते प्रेमापोटीच केले होते. मुलाची तक्रार त्यांच्या कानी पडलीच, तर 'तो नशेचा ओरडा आहे, विश्वास ठेवू नका' असे उत्तर तयार असे. ज्या घरात तक्रार हेच रोगाचे लक्षण मानले जाते, त्या घरात अन्याय उघडकीस यावा कसा? २००७ साली अमेरिकन काँग्रेसच्या तपासनीस कार्यालयाने अशा निवासी संस्थांवर अहवाल दिला. केवळ २००५ या एका वर्षात ३३ राज्यांत मिळून अशा संस्थांचे १,६१९ कर्मचारी गैरवर्तनाच्या घटनांत गुंतलेले होते, असे त्यात नमूद आहे. अशा संस्थांवर देखरेख वाढविण्याचा केंद्रीय कायदा व्हावयास मात्र डिसेंबर २०२४ उजाडावे लागले.

मग ही सारी कल्पनाच टाकून द्यावी काय? तसे म्हणणे सोपे असले तरी न्यायाचे होणार नाही. प्रामाणिक संस्थांनी या इतिहासातून धडा घेतला. कुमारवयीन मुलगा हा लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे त्यांनी ओळखले. प्रौढांचे घणाघाती रिंगण मुलांसाठी सौम्य केले, मुक्काम आखडला, शाळा आवारातच आणली, आईबापांना उपचारात ओढले. अमेरिकेतील चार शहरांत नव्वदीच्या दशकात निरनिराळ्या प्रकारचे उपचार घेतलेल्या १,१६७ मुलांची पाहणी झाली. उपचारापूर्वीच्या वर्षात दर आठवड्याला गांजा ओढणारी मुले शेकडा ८० होती. नंतरच्या वर्षात ती शेकडा ४४ वर आली. उपचारात अधिक काळ टिकलेल्या मुलांची सुधारणा अधिक होती. म्हणजे उपाय निष्फळ नाही.

पण सर्वांत बोलकी पाहणी लॉस एंजेलिसची. तेथे फीनिक्स हाउसने मुलांसाठी 'फीनिक्स अ‍ॅकॅडमी' चालविली होती. बालन्यायालयाच्या देखरेखीखालील, १३ ते १७ वयाच्या ४४९ मुलांचा अभ्यास रँड या संशोधन संस्थेने केला; काही मुले या अ‍ॅकॅडमीत गेलेली, काही दुसऱ्या वसतिगृहांत. वर्षभराने पाहता अ‍ॅकॅडमीतील मुलांची नशा इतरांहून कमी आणि मनःस्थिती बरी होती. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक पाहण्या येथेच थांबतात. या संशोधकांनी मात्र सहा ते साडेआठ वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा गाठले, आणि २०१० साली निर्मळपणे लिहून टाकले की, तो फरक आता दिसत नाही.

बेटाची बोट पुन्हा काठाला लागली ती अशी. या घराने बेटाहून कितीतरी चांगले काम केले होते. पण घराच्या फाटकाशी काम संपले, आणि काळाने ते हळूहळू पुसून टाकले.

म्हणून अलीकडे काही अभ्यासकांनी प्रश्नच उलटा केला. मुलाला घरातून काढून बरे करण्याऐवजी घरच बरे करावयास जावे तर? डॉ. हॉवर्ड लिडल यांच्या पद्धतीत उपचारक मुलाच्या घरी येतो. आई, बाप, शाळा, न्यायालय या सर्वांशी मिळून काम करतो. ज्यांना एरवी निवासी उपचारासच धाडले असते अशा ११३ मुलांची दोन गटांत वाटणी करून ही पद्धत पडताळून पाहण्यात आली, आणि २०१८ साली निष्कर्ष आले. पहिले दोन महिने दोन्ही गट सारखेच सुधारले. पुढे दीड वर्षापर्यंत मात्र घरी उपचार घेतलेल्या मुलांनी आपली सुधारणा अधिक टिकविली. इलिनॉय राज्यात गॉडली दांपत्याने दुसरी वाट काढली: मुलगा निवासी उपचार संपवून परतला की, त्याने दवाखान्यात यावे अशी वाट न पाहता कार्यकर्त्यानेच तीन महिने त्याच्या घरी जात राहावे. अशा मुलांचा उपचाराशी धागा अधिक टिकला आणि नशेपासून दूर राहण्यासही त्याची मदत झाली.

आता आपल्याकडे पाहू. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' आला. वांद्र्यास फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली 'कृपा' सुरू केली. पुण्यात डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभे राहिले. तेथे येणारे प्रामुख्याने प्रौढ. पण व्यसनातून बाहेर आलेल्यांनी नव्यांना हात द्यावा, पत्नींचा वेगळा गट असावा, परतल्यावर गावोगाव पाठपुरावा असावा, या गोष्टी तेथे रुजल्या. उपचार फाटकाशी संपत नाही, हे त्या माणसांनी अनुभवाने जाणले.

मुलांच्या बाबतीत आपली वाट अजून लांब आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत दहा ते सतरा वयाच्या मुलांत हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर यांसारख्या वस्तू, वापरणारी शेकडा १.१७ आढळली, प्रौढांत हेच प्रमाण ०.५८ होते. केवळ या एका व्यसनासाठी मदतीची गरज असलेली मुले ४.६ लाख. कायद्यानेही काही रक्षण दिले आहे. व्यसनामुळे होणाऱ्या मनोविकारांनाही २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू आहे. त्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे, पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहिले पाहिजे, आणि दाखल केल्याची खबर ७२ तासांच्या आत मंडळाला गेली पाहिजे. हे पालकाला ठाऊक नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

तेव्हा रात्री दिवा मालवल्यावर "कुठेतरी ठेवावे का?" असे विचारणाऱ्या आईबापांना आम्ही काय सांगावे? कधी कधी ठेवावे लागते. मुलाच्या जिवाला धोका असेल, घरातच नशा होत असेल, तर दूर नेणे हाच पहिला उपचार होय. पण दारात उभे राहून काही प्रश्न विचारावेत, आणि ते इतिहासानेच शिकविलेले आहेत. मुलाला आमच्याशी एकांतात बोलता येईल काय? न कळविता आम्ही भेटीस आलो तर दार उघडेल काय? मुलाने तक्रार केली तर ती ऐकणारा संस्थेबाहेरचा कोणी आहे काय? डॉक्टर कोण, शाळेचे काय? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: तो घरी परतेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे कोण येणार?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वस्वी संस्थेने द्यावयाचे नसते. त्याला पुन्हा वर्गात घेणारे मुख्याध्यापक, संध्याकाळी मैदानावर हाक मारणारा तालमीतला मित्र, 'हा तोच ना?' असे न कुजबुजणारी शेजारीण, कामावर ठेवणारा दुकानदार, हीसुद्धा उपचाराचीच माणसे आहेत. रिव्हरसाइडची बोट मुलांना काठापर्यंत आणून सोडीत असे. काठावर त्यांच्यासाठी कोण उभे होते, याची जबाबदारी बोटीची नव्हती. ती शहराची होती. आपल्या गावापुरती ती आपली आहे.